मारुती ८०० च्या मागे सामानाचा रॅक : आधी हिशेब, मग वेल्डिंग

मारुती ८०० ची निर्मिती १९८३ ते २०१४ अशी चालली आणि चांगल्या अवस्थेतल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. चार माणसं बसली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, म्हणून मागे रॅक लावायचा विचार येतो. फॅब्रिकेटरकडे गेलं तर दुपारभरात पाइप कापून, जोडून तो रॅक हातात देईल. पण तो रॅक गाडीला कुठे आणि कसा धरायचा, हे त्याला तुम्ही सांगावं लागतं. बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतो.

पाइप खरेदी करायच्या आधी कागदपत्रांचं पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा फेरफार चालणार नाही असं म्हटलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ प्रमाणे मागच्या आसापलीकडचा भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त नसावा, आणि सामान गाडीच्या मागच्या टोकाबाहेर लोंबता कामा नये. त्यामुळे कागदावर मापांसह आराखडा काढा, तो आरटीओत दाखवून लेखी परवानगी घ्या आणि विमा कंपनीला कळवा. परवानगी मिळाली नाही तर काम तिथेच थांबवा. मिळाली तरी रॅक पिना काढून उतरवता येईल असाच बनवा.

आता वजन. या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २१७५ मिमी आहे. रॅकवरच्या सामानाचा मध्यबिंदू मागच्या आसापासून साधारण ८५० मिमी मागे येतो (आपल्या गाडीवर ओळंबा सोडून मोजून घ्या). मागचं चाक म्हणजे तरफेचा टेकू. रॅक आणि सामान मिळून ४० किलो धरलं, तर ४० गुणिले ८५० भागिले २१७५, म्हणजे जवळपास १५.६ किलो भार पुढच्या चाकांवरून उचलला जातो आणि मागच्या चाकांवर ४० नव्हे तर ५५.६ किलो वाढतो. या गाडीची पुढचीच चाकं ओढतात आणि वळतातही. पावसाळ्यात घाट चढताना आधीच भार मागे सरकलेला असतो, त्यात पुढचं चाक आणखी हलकं झालं की ते जागेवर फिरतं आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

हेच गणित डिकीसाठी करून बघा. २५ किलोचं पोतं आसामागे २५० मिमीवर ठेवलं तर पुढून जेमतेम ३ किलो जातात, रॅकवर ठेवलं तर जवळपास १० किलो. म्हणून तांदळाचं पोतं, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन डिकीत ठेवा. गाद्या, तंबू, घडीच्या खुर्च्या, कपड्यांच्या बॅगा रॅकवर जाऊ द्या. रॅकमुळे जागा वाढते, गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही. मॅन्युअलमधलं कमाल एकूण वजन पाहा, मग माणसं आणि सामानासकट गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन दोन्ही आकडे लिहून घ्या. डिकीत गॅसची टाकी बसवलेली असेल तर हा रॅक लावूच नका. मागचा भार तिथेच भरलेला असतो.

रॅकची मापं अशी घ्या : फलाटाची (सामान ठेवायच्या सपाट भागाची) रुंदी ८०० मिमी, पुढून मागे खोली ४०० मिमी, बंपर आणि फलाटात १०० मिमी मोकळी जागा. गाडीची रुंदी १४४० मिमी असल्याने दोन्ही बाजूंनी ३२० मिमी उरतात. तेवढ्यात मागचे दिवे मोकळे राहतात का, ते पुठ्ठ्याचा फलाट चिकटवून रात्री दिवे लावून पाहा. नंबर प्लेटचा प्रश्न त्याहून अवघड. हाय सिक्युरिटी प्लेट न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते, ती काढून रॅकवर हलवता येत नाही, आणि बाजारातून दुसरी रंगवून लावणं बेकायदा आहे. दहा मीटर मागे उभं राहून भरलेल्या रॅकमागची प्लेट पूर्ण वाचता आली पाहिजे. ती झाकली जात असेल तर फलाट खाली घ्या किंवा सामानाची उंची कमी करा. या एका अटीमुळे बऱ्याच आराखड्यांना पुन्हा हात घालावा लागतो, म्हणून पुठ्ठ्याचं काम पहिल्याच दिवशी करा.

फलाट खाली घेताना जमिनीचा अंदाज चुकतो. भरलेल्या गाडीत फलाटाच्या मागच्या कडेची जमिनीपासूनची उंची, भागिले मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथपासून त्या कडेपर्यंतचं अंतर, एवढं काढा. ३०० मिमी उंची आणि १०५० मिमी अंतर असेल तर भागाकार ०.२९ आणि त्याचा कोन (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) साधारण १६ अंश येतो. त्याहून कमी झाला तर उंच गतिरोधकावर आणि सोसायटीच्या उतारावर रॅक घासणार.

रॅकची मुख्य ताकद गाडीखालून मागे येऊन फलाट पेलणाऱ्या दोन भुजांमध्ये असते. खड्ड्यात गाडी आदळली की भार क्षणभर तिप्पट धरावा, म्हणजे ४० चे १२० किलो. सामानाचा मध्य आधाराच्या शेवटच्या बोल्टपासून ४०० मिमी बाहेर आहे, म्हणजे वाकवणारा जोर ४८,००० किलो-मिमी. दोन्ही भुजांवर तो कधीच सारखा वाटला जात नाही, तेव्हा एकीवर ६० टक्के, म्हणजे २८,८०० धरा. २५ बाय २५ बाय २ मिमीचा चौकोनी पाइप घेतला तर दर चौरस मिमीला २२ किलो ताण येतो. २१० दर्जाचा (म्हणजे दर चौरस मिमीला २१० न्यूटन पेलणारा) पाइप २१.४ किलोच्या आसपास कायमचा वाकतो, म्हणजे हा पाइप पहिल्या मोठ्या खड्ड्यात हार मानेल. ४० बाय ४० बाय २ मिमी घेतला तर ताण ७.९ किलोवर येतो. मीटरमागे वजन १.४४ किलोऐवजी २.३९ किलो होतं, पण ताण जवळपास तिसऱ्या हिश्शावर. रोजच्या धक्क्यांनी वेल्डजवळ तडा जायला ताण वाकण्याच्या मर्यादेला टेकावा लागत नाही, म्हणून एवढी मोकळीक ठेवायलाच हवी.

सामान असं लागेल : भुजांसाठी ४० बाय ४० बाय २ चा पाइप, ८०० मिमीचे दोन तुकडे. भुजा ज्यांत सरकवायच्या त्या, गाडीखाली कायम राहणाऱ्या खोबणींसाठी ५० बाय ५० बाय ४ चा पाइप, ४०० मिमीचे दोन. फलाटाच्या चौकटीला आणि तीन आडव्या पट्ट्यांना २० बाय २० बाय १.६ चा पाइप, एकूण ४.८ मीटर. कठड्याला आणि दोर अडकवायच्या आठ कड्यांना ८ मिमी सळई, सव्वातीन मीटर. एम-१० चे ८.८ दर्जाचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), ४ मिमी जाडीच्या आधारपट्ट्या आणि १२ मिमीच्या दोन पिना. सगळं मिळून रॅक साडेपंधरा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ४० किलोतून सामानाला २४ किलोच उरतात. हा आकडा फलाटावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवा.

खोबणीला ५० बाय ५० बाय ३ चा पाइप घेण्याचा मोह आवरा. त्याच्या आत ४४ मिमी जागा असते, ४० ची भुजा त्यात खडखडते आणि पिनेची भोकं लांबट होत जातात. ४ मिमी जाडीच्या पाइपात ४२ मिमी मिळते, ती योग्य. आतली वेल्डची उभी रेघ आधी कानसून काढा, नाहीतर भुजा अर्ध्यावर अडकते. खोबणीच्या बाजूला आणि खाली एकेक नट वेल्ड करून त्यातून बोल्ट आवळला की भुजा कोपऱ्यात घट्ट बसते. पिनेचं भोक भुजेच्या उभ्या बाजूंमधून आरपार, मधोमध आणि आतल्या टोकाकडे पाडा. वाकण्याचा ताण पाइपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो, तिथे खोबणीच्या तोंडाशी भोक पाडलं तर पाइप तिथूनच तुटेल.

आता खरा नाजूक भाग, गाडीला धरणं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. डिकीच्या तळाचा पत्रा पातळ असतो आणि नुसत्या त्याच्यावर बोल्ट मारला तर तो काही आठवड्यांत वॉशरभोवती फाटतो. तळाखाली दोन्ही बाजूंनी पत्र्याच्याच पेटीसारख्या लांब पट्ट्या मागपर्यंत जातात, खोबण्या त्यांनाच लावायच्या. तिथे गंज असेल तर पेचकसाच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम, रॅक नंतर.

खोबणीचे दोन बोल्ट एकमेकांपासून किती लांब, यावर सगळं ठरतं. अंतर २५० मिमी असेल तर मागचा बोल्ट सामानाच्या २.६ पट जोराने गाडीला खाली ओढतो आणि पुढचं टोक १.६ पट जोराने तळाला वर ढकलतं. अंतर ३५० मिमी केलं तर तेच आकडे साधारण २.१ आणि १.१ वर येतात. बोल्ट दोन्ही वेळा हसतहसत पेलतो, पत्रा पेलत नाही. म्हणून ३५० मिमी ठेवा.

भोकं पाडायच्या आधी खालून पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने आखून घ्या. ड्रिलच्या पात्याला टेपची खूण करा, म्हणजे ते गरजेपेक्षा खोल जाणार नाही. पोकळ पेटीत नट आवळला की पेटी चेपते आणि बोल्ट महिन्याभरात सैल होतो. त्यावर उपाय बुशचा : बाहेरून १६ आणि आतून १०.५ मिमीचा, पेटीच्या आतल्या उंचीएवढा लोखंडी बुश, म्हणजे जाड नळीचा तुकडा. पेटीचं वरचं भोक १६ मिमी करून तो वरून आत बसवा, खालचं भोक १०.५ मिमीच ठेवा. डिकीच्या आतून १०० बाय ६० मिमीची आधारपट्टी ठेवून ४५ न्यूटन मीटरला आवळा. कापलेल्या प्रत्येक कडेला झिंक प्रायमर आणि पट्टीखाली सीलंट लावा, नाहीतर पावसाचं पाणी डिकीत येईल. गाडीवर वेल्डिंग अजिबात करू नका. टाकी तिथेच जवळ आहे.

फलाट भुजांवर वेल्ड करताना भुजेच्या दोन्ही बाजूंनी लांबीच्या दिशेने टाका मारा, वरच्या पृष्ठभागावर आडवा नको. तडा आडव्या टाक्याच्या कडेपासूनच सुरू होतो. फलाटाचे कोपरे गोल करा आणि भुजांची टोकं चौकटीच्या २० मिमी आत ठेवा, पार्किंगमध्ये कुणाच्या गुडघ्याला लागू नयेत म्हणून. प्रत्येक पाइपाच्या सगळ्यात खालच्या भागात ६ मिमीचं भोक ठेवा. कोकणच्या दमट खाऱ्या हवेत बंद पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग चकचकीत राहिल्याने कळतही नाही. सायलेन्सरचं तोंड फलाटापासून १५० मिमी तरी दूर हवं. सामान अडतं म्हणून मागचं दार अर्धवट उघडं ठेवून गाडी कधीही चालवू नका. धावत्या गाडीमागची हवा भोवऱ्यासारखी आत वळते आणि धूर थेट मागच्या सीटवर येतो. त्याच भोवऱ्यामुळे धूळ-चिखलही सामानावर बसतो, ताडपत्री लागतेच.

चाचणीसाठी २५ किलोच्या वाळूच्या तीन गोण्या फलाटावर तासभर ठेवा. किती वाकलं ते जमिनीपासून मोजू नका, कारण स्प्रिंगही दबतात. फलाट आणि बंपर यांच्यातलं उभं अंतर मोजा. या वजनाला पाइप स्वतः एक मिलिमीटरही वाकत नाही. फरक ४-५ मिमी आला तर पत्रा नमतोय असं समजून आधारपट्ट्या मोठ्या करा. गोण्या काढल्यावर माप मूळ जागी परत आलं पाहिजे.

नटांवर रंगाची रेघ ओढून २०, १०० आणि ५०० किलोमीटरनंतर ती सरकली का पाहा. मागच्या टायरची हवा पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याएवढी ठेवा. हेडलाइट मात्र विसरू नका : मागचा भाग ३० मिमी बसला आणि पुढचा १० मिमी उचलला गेला तर पाच मीटरवरच्या भिंतीवर झोत नऊ सेंटिमीटरने वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. भिंतीवर खूण करून तो खाली घ्या.

सामान दोन २५ मिमी रुंद रॅचेट पट्ट्यांनी बांधा. रबरी हुकांचे दोर फक्त ताडपत्रीसाठी, खड्ड्यात ते ताणले जातात आणि बॅग उसळते. गॅस सिलिंडर किंवा पेट्रोलचा कॅन या रॅकवर कधीही ठेवू नका. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीसकट वजन त्याच्या दुपटीच्या घरात जातं, आणि मागून गाडी धडकली तर पहिला मार त्यालाच बसेल. या गाडीत मागच्या सीटच्या पाठीपासून गाडीचं टोक हातभरावर आहे, आणि तिथे बहुतेक वेळा मुलं बसलेली असतात.