मुंबई–लंडन विमानाचा वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला की झाले आठ तास! एवढा हिशेब करून लोक लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवून मोकळे होतात. प्रत्यक्षात कुठेही न थांबणाऱ्या विमानालाही साडेनऊ-दहा तास, कधी त्याहून जास्त लागतात.

७,२०० हा आकडा पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेचा. ती रेषा कराचीच्या बाजूने इराण, कॉकेशस (कास्पियन आणि काळ्या समुद्रामधला डोंगराळ भाग) करत युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्येच प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना मज्जाव केला. म्हणजे वळसा आलाच. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या रांगेत सरकणं आणि उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच आल्या. परतताना जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी असतो, त्यामुळे तासभर कमी लागतो. जातानाचा वेळ सरळ दुप्पट करू नका.

आता घड्याळ. हिवाळ्यातलं तिकीट बघा: मुंबईहून १३:००, लंडनला १७:३०. साडेचार तासांत लंडन? तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. म्हणून १७:३० मध्ये साडेपाच तास मिळवा, भारतात तेव्हा २३:०० वाजलेले असतात. प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र हाच फरक साडेचार तासांचा होतो, कारण तिथली घड्याळं पुढे सरकतात. परतीच्या तिकिटावर वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ दिसला तर विमान दुसऱ्या दिवशी पोहोचणार. मुंबईतली गाडी त्या तारखेची सांगा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:४५. आपल्या बोलण्यात ती १४ तारखेचीच रात्र, पण माणूस ‘१५ तारखेला रात्री निघायचंय’ असं डोक्यात ठेवून १५च्या संध्याकाळी बॅगा भरत बसतो, आणि विमान कधीच गेलेलं असतं. घरच्या कॅलेंडरवर ‘१४ तारीख, रात्री ९ पर्यंत विमानतळावर’ असंच लिहा. पुण्याहून येणाऱ्यांनी तर एक्स्प्रेसवेचा घाट आणि मुंबईतलं ट्रॅफिक धरून दुपारीच निघावं.

तिकीट काढताना ‘थेट’ या शब्दावर विसंबू नका. काही थेट विमानं मध्ये उतरतात, फक्त विमानाचा नंबर तोच राहतो. ‘नॉन-स्टॉप’ लिहिलंय का ते बघा. आणि लंडनचा विमानतळही तपासा: हीथ्रो आणि गॅटविक शहराच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत, घ्यायला येणाऱ्याला नुसतं ‘लंडन’ सांगून चालत नाही.