लेकीचा इन्सुलिन पंप बदलताना: आधीच्या पंधरा दिवसांची तयारी

नवा इन्सुलिन पंप (मधुमेहात अंगात इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र) घ्यायचं ठरलं की आधी तारीख धरा, आणि कोल्हापुरात ती पावसाकडे बघून धरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा दिवसांत कुरिअर येत नाही, पंप शिकवणारा ट्रेनरही पुण्याहून पोचत नाही. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळाच. परीक्षा, घरातलं लग्न आणि पोराला ताप असलेला आठवडाही नको. वार सोमवार-मंगळवार बरा, पुढचे तीन-चार दिवस डॉक्टर फोनवर मिळतात. वेळ सकाळचीच. रात्री सेट (पंपापासून अंगापर्यंतची नळी) लावला आणि कॅन्युला, म्हणजे त्वचेत जाणारं त्याचं बारीक टोक, वाकली, तर पहाटे शुगर चढल्यावरच कळतं.

आता खरं काम: जुन्या पंपातले आकडे. ते नव्या पंपात आपोआप जात नाहीत, हातानं भरावे लागतात. कुठल्या तासाला किती बेसल (दिवसरात्र थोडंथोडं जाणारं इन्सुलिन), एक युनिट किती ग्रॅम कार्बला पुरतं, एका युनिटनं शुगर किती उतरते, टार्गेट किती, इन्सुलिन अंगात किती तास टिकतं असं धरलंय, एका वेळचा जास्तीत जास्त बोलस (जेवणाला किंवा शुगर उतरवायला एकदम दिलेला डोस) किती, हे सगळं वहीत उतरवा. स्क्रीनचे फोटोही काढा, कारण बॅटरी गेली की पंप उघडणार नाही. मग तो कागद डॉक्टरांना दाखवा. आमच्या लेकीचे निम्मे आकडे ती दुसरीत असतानाचे होते. आता ती पाचवीत आहे आणि वजन, भूक, खेळ सगळं वाढलंय. आकडे भरून झाले की दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. घड्याळाकडे विशेष लक्ष द्या, सकाळ-संध्याकाळ उलटी पडली तर रात्रीचं बेसल दिवसा जातं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून ठळक सांगते. जुन्या पंपानं आठ वाजता नाश्त्याला दिलेलं इन्सुलिन दहा वाजता लावलेल्या नव्या पंपाला ठाऊक नसतं. शुगर २२० दिसली की तो पूर्ण करेक्शन (शुगर उतरवायचा जादा डोस) सुचवतो, आणि तासाभरात पोर लो होऊ शकतं, म्हणजे शुगर फार उतरते. म्हणून शेवटच्या बोलसची वेळ आणि युनिटं कागदावर लिहून घ्या, आणि पहिले तीन-चार तास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करेक्शन देऊ नका.

मिनिमेड ७८०जीसारख्या पंपाचा ऑटो मोड (सेन्सरची शुगर बघून पंप स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करतो तो) पहिल्या दिवशी सुरू होत नाही. आधी, पंप लावल्यावर येणाऱ्या मध्यरात्रीपासून ४८ तास तो मॅन्युअलवर चालवावा लागतो. त्या दोन दिवसांत घरचं, तोलून दिलेलं जेवण ठेवा: भाकरी, भाजी, वरण-भात. मिसळ नंतर. कटातल्या तेलामुळे शुगर उशिरा चढते, आणि मग आकडा चुकला की तेल नडलं, हे कळत नाही.

सामान दोन महिन्यांचं आधी मागवा. जुने सेट, रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची कुपी) आणि शुगर मोजणारे सेन्सर नव्याला बसतीलच असं नाही, विचारून घ्या. पंपात फक्त झटपट चालणारं, लवकर संपणारं इन्सुलिन असतं. नळी अडली तर काही तासांतच किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारे घातक पदार्थ) वाढू लागतात. त्यामुळे इन्सुलिनचं पेन, सुया, लाँग ॲक्टिंग (बराच वेळ टिकणारं) इन्सुलिन, किटोन स्ट्रिप्स आणि ग्लुकोज घरात हवंच. पंप बंद पडला तर लाँग ॲक्टिंगचा डोस किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. आमच्याकडे आजी एकटी असते, तिला दिसेल अशा मोठ्या अक्षरात.

शाळेत वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर, दोघांनाही भेटा. फुटबॉल खेळताना पंप काढायचा असेल तर किती वेळ, ठेवायचा कुठे, परत लावला की नाही हे कोण बघणार, हे स्पष्ट ठरवा. नव्या पंपाचे अलार्म वेगळे वाजतात, ते सरांना ऐकवून ठेवा.

आणि लेकीला विचारा. सेट पोटावर की मांडीवर, पट्टा कुठल्या रंगाचा, हे तिनं ठरवू दे. जुना पंप तिच्या उशाशी चार वर्षं झोपलाय. तो लगेच कुणाला देऊन टाकू नका. बॅटरी काढून, वहीसकट, एका डब्यात ठेवा.