बीकनवर काम करायचंय? आधी इमारतीत फिरा

छताखाली जीपीएस आंधळा होतो, म्हणून मॉल, विमानतळ, मोठी रुग्णालयं यांच्या ॲपमध्ये माणूस कुठे आहे ते ओळखायला ब्लूटूथ बीकन, म्हणजे इमारतीत जागोजागी लावलेले छोटे रेडिओ ट्रान्समीटर, येतात. या कामात नवीन आलेली मंडळी मला पहिल्यांदा विचारतात, एसडीके (ॲप बनवायचा तयार कोडसंच) कोणता शिकू? कुठलाही शिका. खरा वेळ सिग्नलचा स्वभाव कळायला लागतो.

बीकन स्वतः काहीही शोधत नाही, नुसती आपली ओळख सांगत राहतो. ॲपलने 2013 मध्ये आणलेल्या आयबीकनच्या पॅकेटमध्ये 16 बाइटचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), 2-2 बाइटचे मेजर आणि मायनर हे उपक्रमांक, शिवाय 1 मीटरवर सिग्नल किती मिळतो तो आकडा असतो. यूयूआयडी संस्थेचा, मेजर मजल्याचा, मायनर त्या खांबाचा, अशी वाटणी सोयीची पडते. मिळालेल्या सिग्नलवरून अंतर काढायचं, हे बाकी सगळं गणित फोनचं.

आणि गणित तिथेच फसतं. समजा, 1 मीटरवर −59 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल कमजोर) मिळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 4 मीटरवर −71, 8 मीटरवर −77. आता 4 मीटरवर उभे राहून बीकनकडे पाठ करा. शरीरातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, तेवढे 6 डेसिबल सहज जातात. तुम्ही जागचे हलला नाहीत, पण ॲपच्या लेखी 8 मीटरवर पोहोचलात! तीन बीकन, तीन वर्तुळं, छेदतील तो बिंदू, ही पुस्तकी पद्धत गर्दीत म्हणूनच टिकत नाही.

त्यापेक्षा फिंगरप्रिंटिंग बरं. ठरावीक अंतरावर उभं राहून, चारही दिशांना तोंड करून रीडिंग घ्यायचे आणि त्यांचा नकाशा बनवायचा; मग फोनला मिळालेला सिग्नल त्याच्याशी जुळवून जागा ओळखायची. काम कंटाळवाणं आहे, सीनियर टाळतात. तुम्ही मागून घ्या. त्यावर पार्टिकल फिल्टर (अनेक शक्य जागांचे अंदाज चालवत न जुळणारे गाळणारी गणिती पद्धत) आणि फोनचे पावलं ओळखणारे सेन्सर जोडले की ॲपमधला तुमच्या जागेचा ठिपका उड्या मारायचा थांबतो. लंडनच्या गॅटविक विमानतळाने 2017 मध्ये सुमारे 2000 बीकन लावले, तेव्हा सांगितलेली अचूकता साधारण 3 मीटरची होती. क्लायंट 'फुटाफुटाचं दाखवा' म्हणाला की हे उदाहरण द्या. त्याहून बारीक हवं असेल तर यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ), आणि त्याचा खर्च.

ऑपरेटिंग सिस्टिमची बंधनं मात्र पाठच हवीत. आयओएसवर एका ॲपला एका वेळी 20 रीजनवरच (आखून दिलेल्या क्षेत्रांवरच) नजर ठेवता येते. अँड्रॉइड 7 पासून 30 सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केलं तर रिझल्ट येणंच बंद होतं, आणि माणूस आपल्या कोडमध्ये बग शोधत बसतो. बॅटरी कोण बदलणार, हे करारातच लिहून घ्या. छताजवळच्या बीकनसाठी शिडी लागते.

सरावाला महागडं किट नको. दोन-तीन ईएसपी32 (ब्लूटूथवाली छोटी मायक्रोकंट्रोलर चिप) बोर्डांचे बीकन करा, फोनवर एनआरएफ कनेक्ट हे ब्लूटूथ स्कॅन करणारं ॲप टाका आणि घरात फिरत आरएसएसआयचा (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचा) आलेख काढा. फ्रेशरच्या रेझ्युमेत असा एक खडबडीत आलेख दिसला, तर मुलाखतीत मी त्यावरूनच बोलायला सुरुवात करतो.