थकलेलं क्रेडिट कार्ड आणि गावाकडचं घर : या चुका टाळा

कोकणात घर बघायचा हंगाम गणपतीतला. चाकरमानी आठ-दहा दिवसांसाठी गावी येतो, दुपारच्या आरतीनंतर मामेभाऊ त्याला गाडीवर घालून कुडाळच्या नाहीतर रत्नागिरीच्या कडेला उभी राहिलेली नवी इमारत दाखवतो, गॅलरीतून भातशेती दिसते, आणि विसर्जनाच्या आत इसार देऊन मोकळा होतो. माझ्याकडे तो येतो दसऱ्यानंतर, बँकेने कर्जाची फाईल परत केल्यावर. गृहकर्जाच्या फायली तयार करून देणं हे माझं काम. परत आलेल्या फायलींत पगार कमी पडला म्हणून अडलेल्या थोड्या, जुनं क्रेडिट कार्ड आडवं आलेल्या जास्त.

‘‘कार्ड तर मी केव्हाच कापून टाकलं,’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! कात्रीने प्लास्टिक कापलं जातं, खातं नाही. डोंबिवलीची भाड्याची खोली सुटली, मोबाइल नंबर बदलला, बिलं जुन्या पत्त्यावर जात राहिली. खात्यावर राहिलेल्या चार हजारांवर व्याज, दंड आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी चढत गेला, आणि याला खबरही नाही.

इसार आधी, रिपोर्ट नंतर

क्रम उलटा हवा. देशात पत माहिती, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद, ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपला आपण बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. चारही काढा, एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे सापडते. बायको सहअर्जदार असेल तर तिचेही काढा.

सगळे स्कोअरचा ३०० ते ९०० मधला तो आकडा तेवढा बघतात. ७५० च्या वर असला की बरं, हे खरं. पण बँकेतला माणूस आकड्याखालच्या नोंदी वाचतो. प्रत्येक खात्यापुढे किती दिवस थकलं ते महिन्यागणिक लिहिलेलं असतं. ९० दिवसांच्या वर गेलं की खातं बुडीत वर्गात जातं. पुढे कधीतरी ‘राइट ऑफ’ असा शेरा पडतो आणि लोकांना वाटतं, सुटलो, बँकेने माफ केलं. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीतून ते काढलं एवढंच. तुमच्या नावावरचं देणं तसंच राहतं.

आणि इसार द्यायचाच असेल, तर ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ हे इसारपावतीवर लिहून घ्या. बिल्डर ‘आपलीच माणसं, लिहायचं कशाला’ म्हणाला तर नक्कीच लिहून घ्या. रेरा कायद्याप्रमाणे विक्री करार नोंदवण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेताच येत नाही.

सेटलमेंट स्वस्त वाटते

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि फसवणारा कुणी नसतो. वसुली विभागातून फोन येतो : ‘‘साहेब, ९० हजार दिसतायत, ३५ भरा, विषय संपवू.’’ घराची घाई असते. माणूस ३५ भरतो, पत्र घेतो, पेढे वाटल्यासारखा चेहरा करून बँकेत जातो. तिथे रिपोर्टमध्ये खात्यापुढे ‘सेटल्ड’ दिसतं. ‘क्लोज्ड’ नाही. सेटल्डचा अर्थ गृहकर्ज देणारा असा लावतो की, या माणसाने घेतलेलं पूर्ण फेडलं नाही. हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. सात वर्षं धरूनच चाला.

घर घ्यायचं नसेल, नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, तर सेटलमेंट हा वाईट मार्ग नाही; मीच काहींना सुचवला आहे. पण वर्ष-दोन वर्षांत गृहकर्ज हवं असेल तर सूट मागायची ती व्याजात आणि दंडात, आणि पत्रात ‘पूर्ण परतफेड’, ‘नोंद क्लोज्ड करू’ हे शब्द आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. दंड माफ करायला बँका बऱ्याचदा तयार होतात, मुद्दल सोडायला लावलंत की शेरा लागतो. आधीच सेटलमेंट करून बसला असाल, तर त्या वेळी सोडलेली रक्कम आता भरून शेरा बदलून मिळेल का, हे लेखी विचारा. काही बँका करून देतात.

पैसे नेमके कुणाला?

थकलेली कार्डं बँका बऱ्याचदा मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे थकीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्यांना, विकतात. मग मूळ बँकेच्या शाखेत जाऊन भांडून उपयोग नसतो. रिपोर्टवर आज ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच पैसे आणि त्याच्याकडूनच नो ड्यूज, म्हणजे देणं उरलं नाही असा दाखला. दारात आलेल्या वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका, त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय तर मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावताही येत नाही.

‘‘तीन वर्षं झाली, आता काय करतात?’’ असंही कुणीतरी पारावर सांगितलेलं असतं. मुदतीच्या कायद्याने दाव्याला साधारण तीन वर्षं असतात, आणि त्या मुदतीत तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडे पैसे भरलेत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे बरोबर. पण गृहकर्ज देणारी बँक कोर्टात काय टिकेल ते बघत नाही. ती रिपोर्ट बघते.

मिनिमम भरत राहणं

३८,००० थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के, असं धरा. व्याज १,३३०, त्यावर जीएसटी २३९. बिलावरची किमान रक्कम, पाच टक्के मिनिमम, म्हणजे १,९०० भरलेत तर मुद्दलातून गेले ३३१. नवी खरेदी शून्य असताना! त्यापेक्षा सोनं तारण ठेवून कार्ड एका फटक्यात फेडलेलं परवडतं. बागायतदार असाल तर वाशीची पट्टी, म्हणजे बाजारातले आंब्याचे पैसे, आली की पहिला मान कार्डाला द्या. ऑगस्टमध्ये खातं रिकामं असतं आणि हप्ता चुकतो तो तेव्हाच. मासेमारीवाल्यांचं हेच जून-जुलैच्या बंदीत होतं.

फेडून झाल्यावर कार्ड बंद करायचा अर्ज लेखी द्या. देणं शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिच्यावर. मात्र जुनं, नीट चालवलेलं दुसरं कार्ड उत्साहाच्या भरात बंद करू नका. आणि याच काळात हप्त्यावर फ्रिज, नवी स्कूटर, असं काही नको. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

फेडलं, तरी थकीतच दिसतंय

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे महिनाभर थांबून नवा रिपोर्ट काढा. तरी बदल नसेल तर नो ड्यूज जोडून पत माहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका, बँकेलाही कळवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; फी नाही, वकील नको. ‘पाच हजारांत सिबिल साफ’ म्हणणारे एजंट यातलंच काहीतरी तुमच्या नावाने करतात, किंवा काहीच करत नाहीत.

या सगळ्याला चार-सहा महिने जातात. म्हणून पुढच्या गणपतीत घर बघायचं असेल तर रिपोर्ट शिमग्याला गावी याल तेव्हाच काढा. सातबाऱ्यावर चुलत्यांची तेरा नावं असतील तर मात्र ते प्रकरण वेगळं, आणि त्याला शिमगाही पुरत नाही.