एक्लोगाइट ओळखताना या चुका टाळा

मराठवाड्यात विहिरीच्या ढिगातला हिरवट-लालसर दगड आणून "सर, एक्लोगाइट सापडला" म्हणणारं कुणीतरी भेटतंच. एक्लोगाइट म्हणजे जमिनीत खूप खोल, प्रचंड दाबाखाली बनलेला जड खडक. पुस्तकात त्याच्या हिरव्या ओम्फासाइट खनिजातलं लाल गार्नेट वाचलेलं असतं, आणि आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत हिरवं सेलाडोनाइट, विटकरी ह्युलँडाइट ही खनिजं भरलेली असतात. रंगावरून नाव ठेवू नका. लाल दाण्यावर आधी चाकूचं टोक ओढा. ह्युलँडाइटवर ओरखडा उठतो, गार्नेटवर उठत नाही.

दुसरी चूक घनता मोजताना होते, आणि ती निव्वळ घाईची. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याने पूर्ण बुडेल असा टांगा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर आकारमान. कोरडं वजन ५१८ ग्रॅम आणि बुडवल्यावर काटा १५०, म्हणजे घनता ३.४५, एक्लोगाइटला शोभणारी. बेसाल्ट साधारण २.८ ते ३.० मध्ये बसतो. दगड तळाला टेकला किंवा बुडबुडे चिकटले की आकारमान फुगतं आणि घनता कमी येते. ५० ग्रॅमची कपची तर घेऊच नका: एका ग्रॅमच्या चुकीने ३.४५ चे ३.२ होतात. अर्धा किलोचा ताजा, सालपट काढलेला तुकडाच हवा.

फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे दाणे ठळक दिसले तर तो ताजा एक्लोगाइट नव्हे.

"आपला बेसाल्टच खाली दबून एक्लोगाइट झाला असेल" हेही सोडा. रासायनिक घडण बेसाल्टसारखीच असते, हे खरं. पण सह्याद्रीतला दोन किलोमीटर जाडीचा थरही तळाशी जेमतेम ०.०६ गिगापास्कल दाब देतो. लागतो सुमारे १.२ च्या वर, म्हणजे ४० किलोमीटरहून जास्त खोली. मराठवाड्यातले थर तर त्याहून पातळ. असा दाब मिळतो तो मुख्यतः एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथे. लडाखच्या त्सो मोरीरीच्या एक्लोगाइटमध्ये कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्‌झचं प्रचंड दाबाखाली बनणारं रूप, सापडलं आहे. ते ९० किलोमीटरच्या आसपासच्या खोलीची साक्ष देतं.

तिथला नमुना हाती आला तरी नुसता पृष्ठभाग पाहू नका. वर येताना पाणी शिरून कडेला हॉर्नब्लेंड हे गडद खनिज तयार होतं आणि दगड अँफिबोलाइट हा काळपट खडक वाटतो. हातोड्याने फोडा, गाभा भिंगाखाली धरा.