लॅपटॉपवर व्हायरसचा भोंगा वाजला तर

राजारामपुरीतल्या आमच्या काकांनी लाईट बिल भरायला लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन लाल झाली. कर्कश भोंगा, आणि खाली मोठ्या अक्षरात फोन नंबर. काकांनी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका अदबीनं बोलला, की त्यानं सांगितलेलं अ‍ॅप त्यांनी लगेच घेतलं. थोड्या वेळानं माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला, म्हणजे अ‍ॅपमधून लॅपटॉप त्या माणसाच्या ताब्यात गेला होता.

ती सूचना म्हणजे नुसतं वेबपेज असतं. खऱ्या व्हायरसच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पान बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा, लॅपटॉप बंद होतो. परत सुरू केल्यावर ‘आधीची पानं उघडू का’ विचारलं तर नाही म्हणा.

अ‍ॅप घेऊन बसलाच असाल तर आधी वायफाय तोडा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, पासवर्डही तिथूनच बदला. लाजून रात्र घालवू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार, चूक आपली असली तरी बँकेला कळवल्यानंतर गेलेल्या पैशाची जबाबदारी बँकेची असते. त्यामुळे तक्रार क्रमांक आणि वेळ लगेच लिहून ठेवा.