नवे अलॉय बसवले आणि पिकअप थरथरतेय? या चुका टाळा

पिकअपला नवे अलॉय (अॅल्युमिनियम मिश्रधातूची चाकं) बसवले की आठवडाभरात माणूस माझ्या दारात उभा असतो. "मालक, ऐंशीला गेलं की स्टिअरिंग हाणतंय बघा. बॅलन्सिंग तीनदा झालंय की." सोलापुरात होटगी रोडवर चाकांचंच काम करत इतकी वर्षं गेली, पण हे वाक्य काही बदललं नाही. तीनदा बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाक समतोल करणं) करून जे गेलं नाही ते चौथ्यांदा केल्यानंही जात नाही. दोष बहुतेक वेळा चाक हबवर, म्हणजे ज्यावर ते नटांनी आवळतात त्या मधल्या भागावर, कसं बसलंय, त्यात असतो.

मधलं भोक न मापणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. दुकानात लोक एवढंच विचारतात, "सहा होलचं आहे का?" टोयोटा हायलक्सचा पीसीडी (नटांची होलं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ६ × १३९.७ मिमी, म्हणजे सहा होलं, आणि त्या मापाची अलॉय ढिगानं मिळतात. पण हायलक्सच्या हबचा मधला उंचवटा १०६.१ मिमीचा. एकच चाक अनेक गाड्यांना बसावं म्हणून गाडीच्या कंपनीबाहेरचे चाक बनवणारे मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ११० मिमीच्या आसपास. म्हणजे चहूबाजूंनी जवळपास दोन मिमीची फट. चाक मध्यावर आणायचं सगळं काम मग एकट्या नटांवर येतं.

सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले बागायतदार अशीच हायलक्स घेऊन आले होते. दोन ठिकाणी बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि शेवटी कुणीतरी त्यांना पुढचे दोन टायरही बदलायला लावलेले. मीही आधी चाकं मशीनवर चढवली. चारही चाकांत फरक शून्य. विजापूर रोडला टाकळीच्या पुलापर्यंत गाडी मारली. पंचाहत्तरला स्टिअरिंग हलायला लागलं, पंच्याण्णवला जरा शांत झालं. परत येऊन चाकं काढली, काहीही न करता तीच पुन्हा त्याच जागी बसवली आणि परत निघालो. आता थरथर सीटखाली जास्त, स्टिअरिंगला कमी. मला तिथंच उत्तर मिळालं. दुसरं काही न करता नुसतं काढून बसवल्यावर थरथर जागा बदलत असेल, तर चाक दर वेळी थोडं वेगळं बसतंय.

मशीन खोटं बोलत नव्हतं. मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूवर पकडतात, त्यामुळे तिथं ते बरोबर मध्यावर येतं. गाडीवर तो शंकू नसतो. व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) हब आणि भोक मापलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवरून ती फट भरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या चार रिंगा वळवून आणल्या, घातल्या आणि पुन्हा टाकळी गाठली. ऐंशीला, शंभरला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. त्यांचे टायरचे पैसे मात्र गेले ते गेलेच. पाच मिनिटं व्हर्नियर लावला असता तर ते वाचले असते, हे मला आजही खटकतं.

रिंग हाताच्या दाबानं बसली पाहिजे. हातोडी लागत असेल तर माप चुकलंय. प्लास्टिकच्या रिंगाही मिळतात, पण ब्रेकची उष्णता आणि वरून आपल्याकडचा एप्रिल-मे, मी त्या घालत नाही. रिंग गाडीचं वजन पेलत नाही, ती फक्त चाक मध्यावर आणते. नट आवळल्यावर चाक आणि हबची पाठ एकमेकांना घट्ट धरतात, वजन तिथं पेललं जातं.

जुनेच नट आणि एअर गन

कंपनीच्या चाकाच्या नटाची बैठक चपटी, गोलाकार किंवा शंकूची, कशीही असू शकते. बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा साठ अंशांचा शंकू लागतो. शंकूच्या खाचेत चपटा नट आवळला तर तो कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण चाक मध्यावर येत नाही आणि पुढे सैल होतो. नट उलटा धरून त्याची बैठक आणि चाकाची खाच शेजारी ठेवून बघा, एवढंच करायचं असतं.

एअर गनशी, म्हणजे हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या यंत्राशी, माझं भांडणच आहे. चाक जॅकवर असताना सगळे नट आधी हातानं फिरवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, चाक हलवत हलवत. गाडी खाली टेकवल्यावर शेवटचा जोर टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. १२ मिमीच्या स्टडला (ज्यावर नट फिरतो तो बोल्ट) साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर. पहिलाच नट गननं कडक केला की चाक एका बाजूला तसंच अडकतं. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. "वेळ नाही मालक" म्हणणाऱ्याला मी चावी देत नाही.

एकेका ओळीची कामं

हबच्या पाठीवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा, कागदाएवढा थर राहिला तरी चाक तिरकं बसतं.

काळ्या रानातून आलात तर रिमच्या आतली माती धुऊनच बॅलन्सिंगला या. आत चिकटून वाळलेली माती बॅलन्सिंगच्या शिशाच्या वजनांपेक्षा जड भरू शकते.

टायरच्या काठाजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसत नसेल तर बीड (रिमवर बसणारी टायरची कड) नीट बसलेलं नाही, हवा सोडून परत बसवा.

अलाइनमेंटनं गाडी ओढायची थांबते, टायर सारखे झिजतात. थरथर त्यानं जात नाही.

स्वस्तातले स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकामध्ये घालायच्या चकत्या) मी बसवतच नाही.

जुनी चाकं त्याच दिवशी विकणं

नवखे लोक अलॉय बसवतात आणि जुन्या चाकांचा सौदा तिथंच उरकतात. निदानाचं सगळ्यात चांगलं हत्यार हातचं जातं. जुनी चाकं लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी चालवा. थरथर गेली तर दोष नव्या चाकांत किंवा त्यांच्या बसण्यात. नाही गेली तर गाडीत खाली बघावं लागेल. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर ब्रेकच्या डिस्क बघा.

थरथरीचा वेगही ऐका. २६५/६० आर१८ टायर ऐंशीच्या वेगाला सेकंदाला साधारण नऊ फेरे घेतो, म्हणून चाकाचा हिसका हाताला जाणवतो. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) त्याच्या तीन-चारपट फिरतो. त्याची थरथर बारीक, घुमल्यासारखी, पायाखाली येते. अलॉयसोबत गाडी उंच करणारं लिफ्ट किटही बसवलं असेल आणि असं घुमत असेल, तर शाफ्टचा कोन बदललेला असतो. मग चाकांना हात न लावता आधी क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि शाफ्टचा कोन तपासून घ्या.